वाणात आलेलं बी

त्या बाईंनी माझ्याशी बोलणं सोडलं, त्याला आता बरेच दिवस झाले. बाजारात समोर आल्या की मान वळवतात. मी ऐन सणात त्यांचा बोभाटा केला, असं त्या अजून सांगत फिरतात. मी काय केलं आणि कशासाठी केलं, ते एकदा पहिल्यापासून लिहून काढायचं होतं. अकोला जिल्ह्यातल्या आमच्या तेल्हाऱ्यात काय किंवा आणखी कुठे काय, परसबाग करणाऱ्या बायका एकमेकींना बी देतात, रोपं देतात, वेलाचा तुकडा ओल्या फडक्यात गुंडाळून नेतात. हे बंद व्हावं असं मला आजही वाटत नाही. पण जे माझ्या घरात झालं ते दुसऱ्या कोणाच्या घरात होऊ नये.

झालं असं, की संक्रांतीच्या हळदीकुंकवाला दरवर्षी तेच ते वाण लुटून आम्ही कंटाळलो होतो. प्लास्टिकच्या गाळण्या, चहाचे चमचे, स्टीलच्या वाट्या. घरात ठेवायला जागा उरली नव्हती. मग 2023 च्या संक्रांतीला आम्ही काही जणींनी ठरवलं, की आपापल्या घरचं बी द्यायचं. बियाण्याच्या जातीलाही आपण वाणच म्हणतो, तेव्हा याहून चांगलं वाण कोणतं? कोणी चवळी आणली, कोणी वाल, कोणी दोडका. मी सासूबाईंच्या वांग्याचं बी दिलं.

या वांग्याबद्दल दोन शब्द सांगितल्याशिवाय मला पुढे जाता येणार नाही. हिरव्यावर फिक्या जांभळ्या रेघा, देठाला काटे. पऱ्हाट्यांवर भाजलं की साल कागदासारखी सुटते आणि आत बी म्हणून दाताला लागत नाही. सासूबाई गेल्या तेव्हा मी दागिन्यांचा डबा मागितला नव्हता, बियांची मडकी मागितली होती. तेव्हापासून दरवर्षी सगळ्यात चांगल्या झाडाला लाल चिंधी बांधते आणि त्या झाडाचं दुसरं-तिसरं वांगं बियाला सोडते. शाळेची नोकरी, घर, आजारपणं, सगळं सांभाळून एकही वर्ष चुकवलेलं नाही. त्यातलं बी मी चिमूटभर नव्हे, चमचा-चमचा दिलं. प्रत्येक पुडीवर वांग्याचं नाव, कोणत्या महिन्यात धरलं आणि शेजारी दुसरं वांगं नव्हतं, एवढं लिहून दिलं.

त्या बाईंनी दुध्याचं बी दिलं. जुन्या वहीच्या कागदाची पुडी, आत दहा बिया. पुडीवर काही नाही. मी विचारलं तर म्हणाल्या, “अवो मॅडम, आपलं गावरान हाय. लोण्यावानी दुधी. लावा आन् मंग सांगा मले.” मी पुढे काही विचारलं नाही. मोठं घर, मोठं अंगण, बोलायला गोड. हळदीकुंकवाच्या ताटासमोर बसून कोणी कोणाची उलटतपासणी करत नाही.

त्या वर्षी मृग कोरडा गेला. पाऊस आला तो जूनच्या अखेरीला. मी चार बिया रात्रभर भिजवून लावल्या, दोन उगवल्या. एक वेल मागच्या भिंतीवर चढवला, दुसरा न्हाणीच्या मांडवावर. एकच माती, एकाच नळाचं वान धरणाचं पाणी, एकच शेणखत. हे मुद्दाम सांगते, कारण पुढे त्या बाई म्हणाल्या, की तुम्ही पाणी कमी दिलं म्हणून दुधी कडू झाला. पाण्याचा ताण पडला, ऊन फार झालं, की काकडी-दुध्यात कडवटपणा येऊ शकतो हे मलाही माहीत आहे. पण मग दोन्ही वेलांना यायला हवा होता.

भिंतीवरचा वेल आधी फळला. खरोखर लोण्यासारखा दुधी. आठ-दहा दिवस आम्ही भाजी खाल्ली, कोफ्ते झाले, शेजारी एक पाठवला. आमच्या ह्यांना रक्तदाबाचा त्रास, कुणीतरी सांगितलं म्हणून ते सकाळी उपाशीपोटी दुध्याचा रस घ्यायचे. पोळ्याच्या सुमारास मांडवावरच्या वेलाचा पहिला दुधी मी तोडला आणि त्याचा रस करून दिला. हे म्हणाले, “आज कडू लागतोय गं.” आणि पेला रिकामा केला. औषध म्हणून घ्यायचं ते कडूच असणार, या हिशेबानं. मी ओट्याशी पोळ्या लाटत होते. मी चव घेतली नाही.

अर्ध्या तासात उलट्या सुरू झाल्या. मग पोटात कळा, जुलाब, आणि तिसऱ्या-चौथ्या उलटीत रक्त. अंग गार पडलं होतं, घाम सुटला होता. गाडी करून अकोल्याला नेईपर्यंत मी काय काय बोलले देवाशी, ते मलाच आठवत नाही. तिथल्या डॉक्टरांनी नाडी पाहता पाहता पहिला प्रश्न विचारला, “सकाळी काय घेतलं होतं?” दुध्याचा रस म्हटल्यावर दुसरा प्रश्न, “कडू होता?” मी हो म्हटलं. ते बाजूच्या नर्सकडे वळून एवढंच म्हणाले, की असं पाहिलंय. रक्तदाब पार खाली गेला होता. चार दिवस सलाइनवर होते. या विषावर उतारा नाही, नुसता आधार देत राहायचा, हे तेव्हा कळलं. काकडी-भोपळ्याच्या कुळात कुकुरबिटासिन नावाचं कडू द्रव्य असतं, खाण्याच्या जातींमध्ये ते नसल्यासारखंच असतं, पण कडू निघालेल्या फळात भरपूर असतं आणि ते पोटाच्या आतल्या अस्तरालाच जाळतं. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेनं कडू दुध्याच्या रसाबद्दल समिती नेमून लोकांना सावध केलेलं आहे: आधी चिमूटभर चाखा, कडू लागला तर थुंका आणि फेकून द्या. हे मला साठीला टेकल्यावर दवाखान्याच्या बाकावर बसून समजावं, याचं मला अजून वाईट वाटतं.

पाचव्या दिवशी घरी आलो. मी त्या बाईंकडे गेले ते भांडायला नाही, हे शपथेवर सांगते. त्यांच्याही घरी तोच दुधी शिजत असेल, या काळजीनं गेले. त्यांचं पुढचं अंगण मी कितीदा पाहिलं होतं. मागे मी आयुष्यात पहिल्यांदा गेले. मांडवावर लांबट दुधी लोंबत होते, बियासाठी ठेवलेला एक पार वाळून पिवळा पडला होता. आणि त्याच्यापासून चार पावलांवर, मागच्या तारेच्या कुंपणावर, खाली गोल आणि वर मान असलेले तुंबे लटकलेले होते. गोसाव्याच्या हातात असतो तसले. सात तरी असतील.

मी तिथेच उभी राहिले. पाठीवर ऊन लागत होतं तरी हात गार पडले. माझं लक्ष तुंब्यांवरून त्या वाळलेल्या दुध्यावर आणि पुन्हा तुंब्यांवर जात होतं. मी विचारलं, “हे कधीपासून आहेत?”

“दोन-तीन वर्सं झाले. नातवाले दिवे कराले लागते न त्याचे, भोकं पाडून. लय सुंदर दिसते.”

“आणि कडू आहेत?”

“हो मंग. तुंबा कडूच राह्यते.”

त्यांना माहीत होतं. तुंबा कडू असतो हेही माहीत होतं, तो दुध्याशेजारी आहे हेही माहीत होतं. दोन्ही एकाच जातीचे वेल आहेत. तुंब्याचं पांढरं फूल आणि दुध्याचं पांढरं फूल एकाच संध्याकाळी उमलतं, रात्रीचे पतंग या फुलावरून त्या फुलावर जातात. आणि यातली सगळ्यात फसवी गोष्ट अशी, की तुंब्याचा पराग दुध्याच्या फुलावर पडला तरी ते फळ गोडच राहतं. ते त्या वेलाचं फळ असतं, त्याला वेलाची चव असते. भानगड होते ती आतल्या बियांत. पुढच्या वर्षी त्या बिया लावल्या की त्यातला कोणता वेल कडू निघेल, ते बी पाहून सांगता येत नाही. कडूपणा वरचढ ठरतो. म्हणून त्या बाई जेव्हा म्हणाल्या, “माह्या घरचा तं गोडच होता, मॅडम, देवाशपथ,” तेव्हा त्या खोटं बोलत नव्हत्या. त्यांनी खाल्लेला दुधी गोडच असणार. त्याच दुध्याच्या दहा बिया मला मिळाल्या.

इथपर्यंत मी त्यांना दोष दिलेला नाही. परागीभवनाचं सगळ्यांनाच कळतं असं नाही. मी तिथेच बसून त्यांना समजावून सांगितलं. ह्यांचे दवाखान्याचे कागद दाखवले. आणि एकच मागणी केली: हे बी तुम्ही अकरा जणींना दिलंय, त्या सगळ्यांना आजच्या आज निरोप द्या. त्या वर्षी अधिक महिन्यामुळे सण लांबले होते आणि महालक्ष्म्या तीन दिवसांवर आल्या होत्या. आमच्याकडे महालक्ष्मीच्या नैवेद्याला सोळा भाज्या लागतात, घरच्या वेलाचा पहिला दुधी त्यात पडणारच. घरात वीस-तीस माणूस जेवायला असतं, लेकरं असतात. सोळा भाज्या एकत्र शिजल्या की त्यातलं कडू कोणतं, हे कुणाला कळणार? आणि नैवेद्याचं ताट कोणी टाकत नाही.

त्या थोडा वेळ गप्प बसल्या. मग म्हणाल्या, “आता सणासुदीत कायले बोभाटा करता? येका फळाचं काय एवढं? मी सणानंतर सांगतो न सगळ्याइले.”

सणानंतर. हे शब्द मी विसरू शकत नाही. ह्यांना रक्ताची उलटी झालेली सांगितल्यावर, कागद हातात असताना, त्यांना काळजी कशाची, तर आपल्या बियाला नाव ठेवलं जाईल याची. चूक कुणाचीही होते. चूक कळल्यावर तीन दिवस तोंड मिटून बसणं ही चूक नव्हे. मला या सगळ्यात राग आहे तो इतकाच, आणि तो जाईल असं वाटत नाही.

मी घरी आले, पायात चपला तशाच, आणि हळदीकुंकवाला कोण कोण होतं ते आठवून कागदावर लिहिलं. संध्याकाळपर्यंत आठ घरं केली, उरलेली तीन दुसऱ्या दिवशी. पाच जणींनी बी लावलंच नव्हतं. दोघींच्या बिया उगवल्या नव्हत्या. एकीचा वेल गोड होता, ती माझ्यावरच चिडली, तुमच्या घरची नजर लागली म्हणाली. एकीनं वेल उपटलेला होता, का ते सांगितलं नाही. उरलेल्या दोघींकडे फळं लागलेली होती. एकीकडे तर दुधी ताटात ठेवलेला होता, सोलायला घेणार एवढ्यात मी गेले. मी सुरी मागितली, देठाकडची नखाएवढी फोड कापली, जिभेच्या टोकावर ठेवली आणि धावत मोरीत जाऊन थुंकले. तोंड दहा मिनिटं कडू होतं. त्या घरात दीड वर्षाचा नातू होता. ती माऊली काही बोलली नाही, आत जाऊन पाणी घेऊन आली आणि माझा हात धरून बसली. दुसरीच्या वेलाचाही दुधी कडूच निघाला.

ज्यांना अजून वाटतं मी बोभाटा केला, त्यांनी या दोन घरांत जाऊन विचारावं.

आणखी एक दुखणं आहे, ते थोडक्यात सांगते. पुढच्या हिवाळ्यात एका प्रदर्शनात त्याच बाईंचं टेबल होतं. बीजमाता राहीबाई पोपेरे यांचा फोटो मागे लावलेला आणि पुढे वाट्यांत बी मांडलेलं. त्यात माझ्या सासूबाईंचं वांगं होतं, ‘आमच्या घराण्याचं पारंपरिक वांगं’ अशा पाटीखाली. मी पुडीवर लिहिलेलं नाव गायब. राहीबाई अहिल्यानगर जिल्ह्यातल्या अकोले तालुक्यात कोंभाळण्याच्या, आमच्या अकोल्याच्या नव्हेत, हेसुद्धा तिथे कोणाला सांगता येत नव्हतं. शाळेची पायरी न चढलेल्या त्या बाईंनी गावोगावची बियाणी गोळा केली, बायफच्या मदतीनं बियाणं बँक उभी केली, 2020 साली त्यांना पद्मश्री जाहीर झाली. त्यांच्या मडक्यातल्या प्रत्येक बियाची त्यांना तोंडपाठ ओळख असते. कोणत्या मातीतलं, कोणत्या पावसाचं, कशासाठी चांगलं. ओळख पुसून मांडलेल्या बियामागे त्यांचा फोटो लावू नये, एवढंच माझं म्हणणं. बी वाटल्याचं मला दुःख नाही. वाटण्यासाठीच दिलं होतं. सासूबाईंचं नाव तेवढं ठेवायचं होतं.

आता जे शिकले ते सांगते.

माझं माहेर हिवरखेडकडचं. तिथे पानमळे आणि पानपिंपरीचे मळे. पानपिंपरी बियानं लावत नाहीत, वेलाचे तुकडे लावतात, आणि ते बेणं शेतकरी एकमेकांकडूनच आणतात. मूळकूज किंवा मर एका मळ्यातून दुसऱ्यात याच बेण्याबरोबर जाते. आमच्या शेजारचे बारी आजोबा कोणाकडे बेणं आणायला निघाले की मुलाला सांगायचे, “बेणं पाहू नको रे, मळा पाय.” लहानपणी हे शंभरदा ऐकलेलं. हळदीकुंकवाच्या दिवशी एकदाही आठवलं नाही. मी त्या बाईंच्या मागच्या अंगणात जानेवारीतच गेले असते, तर वाळलेले तुंबे तारेवर दिसले असते आणि पुढचं काहीच घडलं नसतं. म्हणून माझा पहिला आणि खरा सल्ला हाच: पुडी घेण्याआधी तो वेल, ते झाड, तो वाफा डोळ्यांनी पाहून या. चहा प्यायला जा, मागे चक्कर मारा. शेजारी काय लावलंय ते पाहा. कोणी मागे नेत नसेल, तर त्यांच्याकडून काकडी-भोपळ्याचं बी घेऊ नका. वाल, मेथी, टोमॅटो घ्यायला हरकत नाही, त्यांची फुलं बहुतेक आपल्या आपणच फळतात. चवळीचंही तसंच. वांगं बरंचसं तसंच, पण मधमाशा थोडी सरमिसळ करतात. भोपळ्याच्या कुळाची मात्र हमी कोणीच देऊ शकत नाही.

दुध्याच्या प्रमाणित बियाण्यासाठी दुसऱ्या जातीच्या दुध्यापासून निदान 500 मीटर अंतर लागतं, पायाभूत बियाण्याला 1000 मीटर. तेल्हाऱ्याच्या वस्तीत 500 मीटरमध्ये किती परसबागा येतात ते मोजा. तेव्हा ज्यांना दुध्याचं बी धरून दुसऱ्याला द्यायचंच आहे, त्यांनी हातानं फळ धरावं. अवघड नाही. मी आता असंच करते. मादी कळीच्या मागे इवलासा दुधी असतो, नर कळीला नुसता लांब देठ. आज संध्याकाळी उमलणार असलेल्या कळ्या दुपारीच ओळखू येतात, टोकाशी पांढरं दिसायला लागतं. एक मादी आणि दोन नर, तिन्हींची तोंडं दुपारी तीनच्या सुमारास सुती दोऱ्यानं हलकी बांधायची. दिवेलागणीला सोडायची, नर खुडून त्याच्या पाकळ्या मागे दुमडायच्या आणि पराग मादीच्या मधल्या गाठीला अलगद लावायचा. मादीचं तोंड पुन्हा बांधायचं आणि देठाला रंगीत दोरा. त्या दोऱ्याचं फळ वेलावरच वाळू द्यायचं, हलवल्यावर आत बी वाजेपर्यंत. त्यातलंच बी द्यायचं, बाकीच्याची भाजी करायची. आणि दुधी लावत असाल तर शोभेचा तुंबा लावूच नका.

दुधी, काकडी, दोडका, गिलकं, काहीही चिरताना देठाकडची नखाएवढी फोड आधी चाखा. एकाच वेलाचं कालचं फळ गोड होतं म्हणून आज सोडू नका, आणि दुसऱ्या वेलाचं तर मुळीच नाही. कडू लागलं तर थुंका, चूळ भरा, फळ फेका. मीठ चोळून, उकळून, गूळ घालून कडूपणा झाकला जातो, विष जात नाही. चाखल्याशिवाय रस कधीच करू नका. माझं ऐकाल तर रस करूच नका.

रोपांचंही सांगते. माझ्या चुलत जावेनं टोमॅटोची रोपं मातीसकट दिली होती. ती माझ्या वांग्याच्या वाफ्यात गेली. दोन महिन्यांनी टोमॅटो पिवळे, दुपारी माना टाकणारे, पाणी घालूनही तसेच. उपटले तर मुळांवर गाठीच गाठी. सूत्रकृमी. वाल-चवळीच्या मुळांवरच्या गाठी चांगल्या असतात, त्या मुळाला बाहेरून चिकटलेल्या असतात, बोटानं चोळल्या की सुटतात. सूत्रकृमीची गाठ म्हणजे मूळच फुगलेलं असतं, ती सुटत नाही. हा फरक ज्याला कळला त्याचा वाफा वाचला. जावेला सांगितलं, तर ती त्याच दिवशी ज्यांना रोपं दिली त्या सगळ्यांकडे जाऊन आली आणि मला निंबोळी पेंडीचं पोतं आणून दिलं. तिच्याकडून मी आजही रोपं घेते. त्या वाफ्यात वर्षभर वांगं लावलं नाही. एप्रिल-मेमध्ये माती भिजवून वर पारदर्शक प्लास्टिक ताणून, कडा मातीनं दाबून सहा आठवडे तापू दिलं. वऱ्हाडच्या उन्हाचा तेवढा एक उपयोग. मग पावसाळ्यात तिथे झेंडू लावला. रोप घेताना आता मी मुळं धुऊन घेते, धुवू दिली नाहीत तर घेत नाही. घरी आणलं की पंधरा दिवस वेगळं ठेवते, पानांच्या मागे पिठ्या ढेकूण आहे का पाहते.

आमच्या तालुक्याची आणखी एक गोष्ट बाहेरच्यांना ठाऊक नसते. सातपुड्याच्या पायथ्याकडे पाणी गोडं, दक्षिणेला पूर्णेकडे गेलं की खारपाणपट्टा. वारीकडच्या गोड्या पाण्यावर वाढलेलं रोप खाऱ्या बोअरवर लावलं की पानांच्या कडा जळतात आणि देणाऱ्याला शिव्या बसतात. रोप कोणत्या पाण्यावरचं, एवढं विचारा.

गावरान म्हणून दिलेलं बी पाकिटातल्या संकरित भाजीचं असू शकतं. संकरित फळाचं बी धरलं तर पुढच्या पिढीत नाना तऱ्हा निघतात. सम्राट, अर्का बहार यांसारख्या दुध्याच्या सुधारित जातींचं बी धरता येतं, पण शेजारचा वेल पाहून. गुलाबी, निळं, हिरवं रंगवलेलं बी औषध लावलेलं असतं, ते पोरांच्या हाती देऊ नका. उगवण पाहायची तर दहा बिया ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवा, सात-आठ निघाल्या तर बी चांगलं. बी वाळलेलं असावं, डबा कोरडा असावा, हे काय सांगायला हवं?

बी देणं-घेणं बेकायदा आहे, असंही कोणीतरी मला घाबरवून गेलं. तसं नाही. 2001 च्या वाण संरक्षण आणि शेतकरी हक्क कायद्यानं शेतकऱ्याला बी साठवायचा, पेरायचा, अदलाबदल करायचा, विकायचासुद्धा हक्क दिलेला आहे. फक्त संरक्षित वाणाचं बी ब्रँड लावून विकता येत नाही. सरकी घेतो तेव्हा आपण बिल जपून ठेवतो, बी खोटं निघालं तर दाद मागायला. परसबागेच्या पुडीला बिल नसतं. देणाऱ्याचा शब्द असतो. म्हणून पुडीवर लिहा: कशाचं बी, कोणत्या महिन्यात धरलं, शेजारी काय होतं, संकरित की नाही, आणि ज्यांच्याकडून आलं त्यांचं नाव. काही चुकलं असं कळलं, तर ज्यांना दिलं त्यांच्याकडे त्याच दिवशी जा.

आमचे हे आता बरे आहेत, दुधी मात्र खात नाहीत. मी दर संक्रांतीला वांग्याचं बी देते, पण येणाऱ्या प्रत्येकीला आधी मागे नेऊन लाल चिंधीचं झाड दाखवते आणि मगच पुडी हातात देते.

दुध्याचं बी नीट वाळवून ठेवलं तर चार-पाच वर्षं उगवतं. 2023 च्या संक्रांतीला आमच्यातल्या कोणी ते पुढे बहिणीला, नणंदेला, माहेरी दिलेलं असू शकतं. जुन्या वहीच्या कागदाची पुडी, वर काहीही लिहिलेलं नाही, आत दुध्याच्या बिया, असं काही तुमच्या डब्यात असेल, तर ते लावू नका. चुलीत टाका.